पितळेची कामटी

"आबानू, ह्या वर्सा खोल्याचो आस बारीक करा."

बाबल तांडेलानं एवढं म्हटलं आणि मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपटात, बसलेली पंचवीस-तीस माणसं माझ्या बापाकडे बघायला लागली. मी दाराशी चहाची किटली घेऊन उभी होते. बाहेर आषाढ कोसळत होता, होड्या झापांखाली पालथ्या पडल्या होत्या आणि समुद्र एवढा गर्जत होता की बाबलला ओरडूनच बोलावं लागत होतं. आबा मात्र ऐकू न आल्यासारखे सुपारी कातरत बसले होते.

"आबानू, आयकतास मां?"

"आयकतंय. बारीक म्हंजे किती?"

"एक बोट जाय इतको."

"कोणाचा बोट? तुझा की तुझ्या बायलेचा?"

मांगर हसला. बाबलही हसला, पण मुद्दा सोडणारा तो नव्हता. आमच्या मेथरवाडीच्या रापणीचा तो तांडेल, म्हणजे म्होरक्या. रापण ही काही एकट्यादुकट्याची मासेमारी नव्हे. होडी किनाऱ्यापासून अर्धा फेरा मारत लांबलचक जाळं पाण्यात सोडत जाते, आणि मग वाळूवर दोन्हीकडे वीस-वीस माणसं दोऱ्या धरून ते ओढत आणतात. जाळ्याच्या मधोमध एक पिशवी असते, तिला खोला म्हणायचं. सगळी मासळी शेवटी तिथं येते. बाकीचं जाळं तोवर बाजारात तयार मिळायला लागलं होतं, पण खोला आबाच विणायचे. त्यांच्या बापानंही तोच विणला होता.

"बाबल," आबा म्हणाले, "आस म्हंजे जाळ्याचा दार. बारक्यान भायर जावचा, मोठ्यान भितर रवाचा. जो आज भायर गेलो, तो पुढल्या वर्सा मोठो होवन आपल्याच घराक येतलो. दार बंद केलंस तर येतलो कोण?"

"पुढल्या वर्सा!" कोपऱ्यातून आमचा जनू उठला. माझा धाकटा भाऊ, वय एकवीस, नाकावर कायम राग. "दोन वर्सा ह्याच आयकतंय, आबा. सुटलेले बारके मोठे होवन खय गेले? ट्रॉलरवाल्यांच्या पोटात! मगे मी पण थयच जातंय. रत्नागिरीक माणूस बघून ठेवलंय. पयली रापण रिकामी इली तर दुसऱ्या दिवशी माझी पिशवी भरलेली आसतली. सांगून ठेवतंय."

आबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "आस बदलाचो नाय," ते म्हणाले, आणि बैठक संपली. चहा कुणी धड प्यायला नाही.

पेले गोळा करता करता मी जनूकडेच बघत होते. आई गेली तेव्हा जनू पाच वर्षांचा होता आणि मी दहा. त्याच्या शेंबडापासून शाळेच्या सदऱ्यापर्यंत सगळं मी निस्तरलं. सव्विशी उलटली तरी माझं लग्न जमत नव्हतं. वाडीतल्या बायका म्हणायच्या, सुगंधाची जीभ आडवी येते. ते खरंच होतं, पण अर्धंच. जनूला सोडून मला जायचंच नव्हतं. आणि आता तोच निघाला होता. आमचे धाकटे काका असेच मोठ्या बोटीवर गेले होते. वर्षानं घरी आली ती त्यांची पत्र्याची पेटी, आत दोन लुंग्या आणि फणी. त्या पेटीत मी अजून तांदूळ ठेवते.

त्या वर्षी आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून खोला विणायचं काम माझ्याकडे आलं. सुईत दोरा भरायचा, कामटीवर फास घ्यायचा, गाठ मारायची, पुढचा फास. कामटी म्हणजे बांबूची एक पट्टी, वीतभर लांब. तिची रुंदी तेवढा आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक. आबांच्या बापानं तासलेली ती कामटी हाताळून हाताळून काळीभोर, चकचकीत झाली होती. आमच्या घरात देवाच्या खालोखाल तिचा मान. दिवेलागणीला आबा जवळ येऊन बसायचे आणि त्या दिवशी विणलेल्या आसांतून अंगठा घालून बघायचे. अंगठा पेरापर्यंत सहज गेला की म्हणायचे, "बरा असा." माझ्या बापाच्या तोंडून "बरा असा" निघणं म्हणजे दुसऱ्यांनी गळ्यात हार घालण्यासारखं होतं.

अर्धा खोला झाला आणि आबांना हिवताप भरला. दहा दिवस ते अंथरुणाला खिळले. त्यातल्याच एका दुपारची गोष्ट. जनू पडवीत बसून पिशवीचा तुटलेला बंद शिवत होता. शिवता शिवता शीळ घालत होता मेला! मी म्हटलं, "माजघरात येवन शीव, प्रकाश बरो." म्हणाला, "नको बाय, तू परत रडतलंस." मग तो उठून दुकानावर गेला. आबा घोरत होते. मी सुई खाली ठेवली, चुलीमागची कोयती घेतली आणि कामटीची एक कड तासली.

किती, तर तांदळाच्या दाण्याएवढी. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. मनाशी म्हटलं, एवढ्यानं देव काही कोपत नाही, चार मासे जास्त येतील, जनू थांबेल. चार ओळी विणल्या आणि वाटलं, एवढ्यानं काय होतंय? पुन्हा तासली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. एकदा हात वाईटाला लागला की त्याला माप राहत नाही. मग त्या कडेला तेल आणि चुलीची काजळी चोळली, फडक्यानं घासली. जुनीच वाटायला लागली. मी काही साधी नव्हते.

आबा उठून बसले तेव्हा खोला तयार होता. त्यांनी तो मांडीवर ओढून घेतला.  तोंडाकडच्या, आजारपणाआधी विणलेल्या आसांत अंगठा घातला. चार ठिकाणी बघितलं.

"शेपटाकडचा बघूचा नाय?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे. कदाचित पकडलं जावं असंच मला वाटत असेल.

"तू घातलंस मां? मगे बघूचा काय?" आबा म्हणाले आणि खोला बाजूला ठेवला.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राचा राग उतरला. पंधरा दिवसांनी सकाळी टेकडीवरच्या माणसानं पंचा हलवला. पाण्यावर काळसर डाग दिसत होता, मासळीचा. वाडी धावत सुटली. बाबलनं वाळूत नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पयली रापण असा, लेकरांच्या तोंडाक घास दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणाले, आणि माझ्याएवढं मनापासून त्या किनाऱ्यावर कुणीच म्हटलं नसेल.

त्या काळी आमच्याकडे बायका दोरीला लागत नसत. आमचं काम टोपल्यांचं. आम्ही वरच्या अंगाला बसलो. माझ्या शेजारी रुक्मीकाकी, वाडीतली सगळ्यात जुनी मासेवाली. तिच्या जिभेपुढे माझी जीभ म्हणजे तुळशीचं पान. आबा दोरीच्या पुढच्या टोकाला, पाण्यात गुडघाभर. हा मान त्यांचा. दोरीच्या शेपटाला, सगळ्यांच्या मागं, ओढून आलेली ओली दोरी वेटोळं घालत गुंडाळायला एक माणूस लागतो. ते काम कुणाला आवडत नाही, आणि आमच्या वाडीत ते आवडीवर नव्हतंच. ज्याच्या चुकीनं रापण वाया गेली, त्यानं तो हंगामभर शेपटाला उभं राहायचं. मागल्या वर्षी एकानं जाळ्याचं शिसं ढिलं बांधलं होतं, त्यानं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत दोरी गुंडाळली. कुणी त्याला बोललं नाही, पण येणारा-जाणारा बघायचाच.

"हैसा! व्हडा रे!" दोऱ्या ताणल्या. नेहमीपेक्षा जड लागत होतं. माणसांच्या टाचा वाळूत रुतत होत्या.

"भरलो रे, भरलो!" जनू ओरडला. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. लहानपणी जत्रेत भिरभिरं हातात पडल्यावर व्हायचा तसा. मी टोपली उलटी टाकून उभी राहिले. थांबला, म्हटलं. आता काही जात नाही हा.

खोला पाण्याबाहेर आला. फुगून टम्म. पण त्यातून पाणी निथळत नव्हतं, आसांत काहीतरी घट्ट अडकून बसलं होतं. बाबलनं तोंडाची दोरी सोडली आणि वाळूवर चांदी ओतली गेली. ढीगच्या ढीग. टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. मग हळूहळू थांबल्या.

रुक्मीकाकी पुढं झाली. तिनं ढिगात हात घातला आणि एक इसवण बाहेर काढली. लोक जिला सुरमई म्हणतात ती, हातभर वाढणारी. ही करंगळीएवढी होती. काकीनं ती शेपटीला धरून सगळ्यांना दाखवली.

"अगो बाय! हेंच्या बारशाच्या घुगऱ्यो सुदिक वाटूक नाय अजून! ह्या काय मी बाजारात बसान विकू?"

बांगडे बोटाएवढे. तारल्या नखाएवढ्या. शेकड्यांनी आसांत गळ्यापर्यंत अडकलेली, डोळे उघडे. दोघं-तिघं धावले, ओंजळी भरभरून पाण्यात टाकायला लागले. पण लाट ती पिल्लं परत आणून वाळूवर ठेवत होती. मेलेली होती ती.

"आवशीचो घोव!" बाबल म्हणाला. त्यानं खोल्याचं शेपूट हातात घेतलं आणि एका आसात अंगठा घातला. अंगठा नखालाच अडला. त्यानं दुसऱ्यात घातला. मग तो आबांकडे वळला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आबानू, हो आस तुमचो नाय."

 आबा पाण्यातून चालत आले. खोला चाचपला. तोंडाकडून सुरुवात करून शेपटापर्यंत, ओळ न् ओळ. मध्यावर त्यांचा हात थांबला. मी सहा हातांवर उभी होते. त्यांनी मान वर केली आणि त्या धुकट डोळ्यांनी मी जिथं होते बरोबर तिथं बघितलं.

"सुगंधे, कामटी हाड."

घर काही लांब नव्हतं, माडांच्या पलीकडे. मी गेले. कामटी देव्हाऱ्याशेजारी होती. वाटेत विहीर लागते. मनात आलं, टाकून द्यावी, सांगावं, सापडत नाही. आणखी एक मनात आलं, की तिथं पोचल्याबरोबर, आबांनी विचारायच्या आधीच, सांगून टाकावं. दोन्हीपैकी काहीच केलं नाही. हातात कामटी घेऊन परत आले आणि आबांच्या हातात दिली.

त्यांनी अंगठा एका कडेवरून नेला, सावकाश. मग कामटी पालटली आणि दुसऱ्या कडेवरून नेला. परत एकदा नेला. अंगठा मध्ये थोडा थांबला. जुन्या कडेला गोलाई असते, हात फिरून फिरून आलेली. नव्या कडेला कितीही काजळी चोळा, ती येत नाही. डोळ्यांना फसवता येतं.

"झिजली," आबा म्हणाले.

"बांबूची कामटी झिजता काय, आबानू?" कुणीतरी मागून विचारलं.

"माणूस झिजता, मगे कामटी काय? तीस वर्सा वापरलंय. खोलो हातात इल्यार शेपटाकडचा बघूक व्हया होता, बघूक नाय मी. पोरग्येन कामटी दिली तशी घातल्यान. चूक माझी."

माझ्या तोंडात शब्द होते. अगदी दातांपर्यंत आले होते. ज्या जिभेपायी माझं लग्न अडलं होतं, ती त्या वेळी टाळूला चिकटून बसली.

जनू पुढं आला. त्याच्या हातात मूठभर ती पिल्लं होती. त्यानं ती वाळूवर टाकली. "आस बारीक करा म्हणान मी भांडलंय, तेव्हा दार, दार करून आमका शिकवलात. आणि आता ह्या? डोळे गेले होते, आबा, आता हात पण गेलो तुमचो! मी कोणाच्या भरवशार हय रवू?"

सगळ्यांसमोर. आबांनी मान खाली घातली.  वाळूवरून चालत ते माणसांच्या रांगेच्या मागं गेले, पार शेपटाला, आणि ओली दोरी गुंडाळायला बसले.

"आबानू, तुमी म्हातारे माणूस, तुमका कोण सांगता?" बाबल धावत गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "उठा. रीत तरण्यांक."

"रीत ती रीत," आबा म्हणाले आणि वेटोळं घालत राहिले.

ती मासळी माडांच्या आळ्यांत पुरली. आठ दिवस वाडीत वास होता आणि आभाळात घारी. चौथ्या दिवशी जनू निघाला. मी त्याच्या पिशवीत चुरमुऱ्याचे लाडू भरले, त्यानं काढून ठेवले, मी परत भरले. वाटेवर त्याचा हात धरला. "जनू, आबांचो हात जावक नाय," एवढंच म्हणाले. त्याला वाटलं, मी बापाची बाजू घेतेय. हात सोडवून तो गाडीत चढला.

मी रडत परत आले. आबा पडवीत बसले होते.

"अडवलास कित्याक नाय?" मी त्यांच्यावरच ओरडले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या.

"जाव दे," आबा म्हणाले. "बारको असा."

मग पुढचे काही दिवस ते मांगरात कानस घेऊन बसायचे. जुन्या होडीचं पितळेचं एक पान पडून होतं, ते घासत राहायचे. सकाळी मागल्या वर्षीचा जुना खोला लावून रापण ओढली की शेपटाला दोरी गुंडाळायची आणि दुपारी घासत बसायचं. डोळे नाहीत, पण अंगठ्यानं मोजून मोजून. मी चहा ठेवायचे आणि पळायचे. त्यांच्यासमोर उभं राहायचं मला धाडस होत नव्हतं. आठव्या दिवशी त्यांनीच हाक मारली.

"बस."

मी बसले. त्यांनी माझा हात ओढून त्यात ते पितळ ठेवलं. कामटी होती, वीतभर, कडा गोल, गुळगुळीत, अगदी मूळच्या मापाची. मी तिची रुंदी बोटांनी ओळखली.

"खोलो कापून टाक. ह्या मापान नवो घाल," ते म्हणाले. मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "ही तासूक येवची नाय."

झिजायची नाही, असं नाही म्हणाले. किनाऱ्यावर चाळीस माणसांसमोर झिजली म्हणालेला माणूस माझ्यासमोर दुसरंच बोलला, आणि उठून, भिंतीला हात लावत लावत बाहेर गेला. मी त्या पितळेवर डोकं टेकून किती वेळ बसले कोण जाणे. चहा गार झाला.

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मी नवा खोला घातला. आबांनी त्याचं शेपूटच आधी हातात घेतलं, अंगठा घातला आणि म्हणाले, "बरा असा." पण हंगाम संपेपर्यंत ते शेपटालाच राहिले. रोज सकाळी मी डोक्यावर टोपली घेऊन त्यांच्या शेजारून जायचे. ते वर बघायचे नाहीत. मीही नाही. पुढच्या हंगामात बाबलनं पुष्कळ विनवलं, तरी पुढचं टोक त्यांनी पुन्हा धरलं नाही.

जनू दर गणपतीला यायचा, सगळ्या कोकणासारखा. बापासाठी लुंगी आणायचा, पाया पडायचा, पण बोलणं हवापाण्याचं. बारा वर्षं अशीच गेली. मग एका मार्गशीर्षात आबा गेले. जनू आला, त्यानं सगळं रीतसर केलं. तोवर त्याच्या कानशिलावर पांढरे केस आले होते. आबांचं बारावं झाल्यावर तो मांगरात आला. मी सुई घेऊन बसले होते. त्यानं माझ्या हातातली कामटी घेतली.

"पितळेची?"

"आबांनी केलेली."

"म्हंजे ती बांबूची झिजली ता तेंच्या मनाक लय लागला." त्यानं कामटी उलटीपालटी केली. "मी पण काय काय बोललंय तेंका."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "झिजूक नव्हती ती, जनू. मी तासलेलंय."

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"कोयतीन. तीन वेळा. तू जाशीत म्हणान."

 त्यानं कामटीच्या कडेवरून अंगठा नेला आणि विचारलं, "आबांक म्हायत होता?"

"अंगठो लावल्याबरोबर कळला तेंका."

"आणि मी तेंका सांगलंय, हात गेलो म्हणान." तो भिंतीला टेकून खाली बसला. मला वाटलं, आता शिव्या देईल. त्या मला हव्याच होत्या. पण त्यानं कामटी छातीशी धरली आणि लहानपणी रडायचा तसा, तोंड उघडं टाकून रडला. मी त्याला जवळ घेतलं नाही. तो हक्क मला वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण होती. तोवर वाडीतली तरणी पोरं मुंबई-गोव्याला पांगली होती आणि बायका दोरीला लागायला लागल्या होत्या. मी नेहमी मध्यावर असायचे. त्या दिवशी सरळ मागं गेले, शेपटाला, आणि उभी राहिले.

"सुगंधा, थय खय रवलंस गो?" बाबलनं हाक मारली. तोही आता काठी टेकत यायचा, हुकूम सोडायला. "मधी ये."

"नाय. ही जागा माझी," मी म्हटलं. "बारा वर्सामागे आबा माझ्या वाट्याक हय रवले."

"काय ता?"

मग मी सांगितलं. मोठ्यानं, दोन्ही दोऱ्यांना ऐकू जाईल असं. ती कामटी झिजली नव्हती, मी तासली होती, आबांची चूक एकच, की त्यांनी लेकीवर विश्वास टाकला. माझ्या जिभेचा आयुष्यात तेवढा एकच बरा उपयोग झाला. दोऱ्या थबकल्या. रुक्मीकाकी आता वाळूवर नुसती बसायला यायची. तिनं कपाळावर हात मारला आणि पदर डोळ्यांना लावला. बाबल माझ्याकडे बघत राहिला.  जाळं पाण्यात होतं आणि पाणी कुणासाठी थांबत नाही.

"व्हडा रे!" तो शेवटी ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

मी वाकून दोरी गुंडाळायला लागले. ओली दोरी थंड असते, तळव्याला कापते. आबांनी साठीत हे सहा महिने केलं होतं. दोन वेटोळी झाली तोवर पुढून कुणीतरी रांग सोडून आलं आणि माझ्या शेजारी उकिडवं बसलं. जनू होता.

"सर बाय, वायच," तो म्हणाला. "माझो पण हात लागलो होतो." आणि त्यानं दोरीचं एक वेटोळं माझ्या हातातून काढून घेतलं.

आम्ही दोघं गुंडाळत राहिलो. खोला किनाऱ्याला टेकला, फार भरलेला नव्हता, पण रिकामाही नव्हता. लाट मागं सरली तशी त्याच्या आसांतून बारकी बारकी मासळी सुटली आणि पाण्याबरोबर परत निघाली. जनूचे हात थांबले. तो बघत होता.

"बाय, गेली गो ती."

"जाव दे," मी म्हटलं. "बारकी असत."